प्रतिनियुक्तीवरची आई

सरकारी नोकरीत प्रतिनियुक्ती नावाची एक सोय आहे. एका खात्यातला अधिकारी काही वर्षांसाठी दुसऱ्याच खात्यात, महामंडळात किंवा महापालिकेत जातो. पशुसंवर्धनातला माणूस यंत्रमागांवर देखरेख करतो, शिक्षणातला माणूस पाणीपुरवठ्यात बसतो. जाताना त्याची मूळ जागा कुणी गिळत नाही. त्या जागेवरचा त्याचा हक्क कागदोपत्री शाबूत राहतो आणि त्याला धारणाधिकार असं भारदस्त नाव आहे. सेवाज्येष्ठता चालू राहते, वेतनवाढ चालू राहते आणि मागे राहिलेल्या कनिष्ठाला बढती मिळाली तर साहेबांनाही ती कागदावर मिळण्याची तरतूद असते. तीन-चार वर्षांनी साहेब परततात. शिपाई खुर्ची पुसतो, कुणीतरी गुलाबाचं फूल देतं, चहा येतो. मधल्या काळात जनावरांचे नवे रोग आले, नव्या लशी आल्या, संगणकावरची प्रणाली दोनदा बदलली. तरी ‘साहेब, आपला गुराढोरांशी संपर्क तुटलाय, आता झेपेल का?’ असं विचारायची कुणाची छाती होत नाही. उलट ‘साहेबांना बाहेरचा अनुभव आहे’ असं कौतुकानं बोललं जातं. तो अनुभव यंत्रमागांचा असला तरी गायीम्हशींची तक्रार नसते.

आता शेजारच्या इमारतीत चला. तिथे एका खाजगी कंपनीत एक बाई पाच वर्षांनी पुन्हा नोकरी मागायला आली आहे. मधल्या काळात तिनं मानही न धरणाऱ्या एका नागरिकाला स्वतःच्या हातानं बूट घालण्यापर्यंत आणून सोडलं आहे. त्याचा डाव्या-उजव्याचा घोळ अजून मिटलेला नाही, पण तो आपल्याकडे मतदानाच्या वयानंतरही टिकतो. तिच्या अर्जातल्या ह्या पाच वर्षांना कंपनीत ‘गॅप’ म्हणतात आणि हा शब्द उच्चारताना समोरच्याचा चेहरा दाताच्या डॉक्टरसारखा होतो. मला म्हणायचं आहे ते इतकंच, की मूल वाढवण्यात गेलेली वर्षं आपण हिशेबाच्या चुकीच्या रकान्यात लिहितो. ती गैरहजेरीत धरली जातात. धरायला हवीत प्रतिनियुक्तीत. रकाना बदलला तर परतीच्या वाटेवरचे निम्मे विनोदी प्रसंग आपोआप बंद होतील. त्यात विनोदी लिहिणाऱ्यांचं नुकसान आहे, पण ते सोसण्यासारखं आहे.

मुलाखतीपासून सुरुवात करू. परतणाऱ्या आईला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. मूल केवढं आहे? दिवसा कोण बघतं? घरात सासूबाई असतात का? मिस्टरांची ड्युटी कशी असते? अजून एकाचा काही विचार? ही यादी नोकरी देणाऱ्यांची आहे की स्थळ बघायला आलेल्यांची, हे सांगणं अवघड आहे. शेवटी एखादा प्रश्न कामाचाही येतो, पण तोवर समितीची जेवणाची वेळ झालेली असते. दोन मुलांचा बाप त्याच खुर्चीत बसला की त्याला कामाखेरीज काही विचारत नाहीत. त्याला मुलं आहेत ही बातमी कंपनीला थेट कौटुंबिक सहलीच्या यादीत कळते. 2022 मध्ये लिंक्डइननं आपल्याकडच्या माहितीपानावर ‘करिअर ब्रेक’ असा अधिकृत रकाना दिला आणि त्यात पूर्णवेळ पालकत्वाचाही पर्याय ठेवला. तोवर अनेक जणी त्या जागी ‘स्वतंत्र सल्लागार’ असं लिहून वेळ मारून नेत. खरं तर त्यात खोटं फारसं नव्हतं. सल्ला दिवसभर दिला जात होता, फुकट दिला जात होता आणि समोरचा ग्राहक तो ऐकत नव्हता. सल्लागारीचा धंदा सगळीकडे असाच चालतो.

कुणाला ही अतिशयोक्ती वाटेल, म्हणून पुरावा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या शेली कॉरेल, स्टीफन बेनार्ड आणि इन पाइक ह्यांनी 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काल्पनिक उमेदवारांचे तोडीस तोड अर्ज त्यांनी तयार केले. फरक एवढाच, की काही अर्जांत उमेदवार शाळेच्या पालक-शिक्षक संघाचं काम बघते अशी एक ओळ होती. म्हणजे मूल आहे हे वाचणाऱ्याला कळावं. तेवढ्यानं परीक्षकांनी सुचवलेला पगार वर्षाला सुमारे 11,000 डॉलरनं उतरला. खऱ्या कंपन्यांकडे असे अर्ज धाडले तेव्हा मूल नसलेल्या बाईला आईच्या दुपटीहून जास्त बोलावणी आली. बापाचं मात्र काहीच बिघडलं नाही. परीक्षकांनी त्याला बिनमुलांच्या पुरुषापेक्षा पगार जास्त सुचवला आणि उशिरा येण्याची सवलतही जास्त दिली; आईला ती सवलत कमी दिली. म्हणजे ज्याच्या हातात तयार डबा पडतो त्याचा उशीर माफ आणि जी डबे भरून निघते तिच्यासाठी मस्टरवर लाल शाई तयार. अमेरिकेतला अभ्यास आपल्याला जसाच्या तसा लागू करू नये, हे मान्य. तिकडे संशोधकांना अर्जात एक ओळ चोरून पेरावी लागली. आपल्याकडे एवढी मेहनत लागत नाही, आपण सरळ विचारतो.

मग ही पाच वर्षं बाई करत काय होती? ‘सध्या ती काही करत नाही, घरीच असते’ हे वाक्य लग्नकार्यात नवरे ज्या सहजतेनं म्हणतात ती पाहिली, की सरकारी आकडेवारीचा आधार घ्यावासा वाटतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं 2024 चं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण सांगतं, की घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, पुरुषांची 88. घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्या बायकांची त्यावर 137 मिनिटं जातात, पुरुषांची 75. ह्या सरासऱ्या ते ते काम करणाऱ्यांच्याच आहेत. अजिबात हात न लावणारे पुरुष त्यांत धरलेले नाहीत, नाहीतर आकडा आणखी लाजला असता. दोन वेगळ्या सरासऱ्यांची सरळ बेरीज करू नये असं संख्याशास्त्र बजावतं. पण गॅसवरचं दूध उतू जात असताना लंगोट बदलण्याची पाळी संख्याशास्त्रावर येत नाही. जिच्यावर येते तिची बेरीज सात तासांपाशी पोचते आणि तिला रविवार नसतो. एवढ्या कामाला ‘काही करत नाही’ म्हणायचं, तर ‘काही करणं’ म्हणजे नेमकं काय, हे काही कार्यालयांतल्या दुपारी तीन ते पाचच्या वेळेकडे बघून कुणीतरी ठरवायला हवं.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो माझ्या बाजूच्या लोकांविरुद्ध असल्यामुळे मला विशेष आवडतो. आक्षेप असा, की आता आईपणाची भाषणं सुरू होणार. आई म्हणजे घरची व्यवस्थापक, आई म्हणजे अर्थमंत्री, आई म्हणजे आपत्ती-व्यवस्थापन; महिला दिनाला असा एक वक्ता बोलावण्याची प्रथाच आहे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. खिमटी भरवणं आणि लेखापरीक्षण करणं ही दोन वेगळी कामं आहेत. रात्री तीन वाजता झोळी हलवल्यामुळे कुणाला पुलाचं संकल्पचित्र जास्त चांगलं काढता येतं, असा दावा कुणी करू नये. झोप न झाल्यामुळे उलटंच होण्याची शक्यता आहे. आईपण हे प्रशिक्षण आहे, असं सिद्ध करण्याच्या भानगडीत पडलं, की दर वेळी आईनंच आपली उपयुक्तता सिद्ध करायची असं ठरून जातं. यंत्रमागांवरून परतलेल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला मागांचा गायींना काय उपयोग झाला, असं कुणी विचारलेलं नाही. त्याला जागा परत मिळते ती तो तिकडे काही शिकला म्हणून नव्हे, तर तोही एका कामावरच होता म्हणून. आईच्या बाबतीत एवढंच मान्य केलं तरी पुरे. भाषण नको, फूल नको, जागा द्या.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. पाच वर्षांत तंत्र बदलतं, हात गंजतो. हेही खरं आहे. मधल्या काळात कंपनीनं तीन सॉफ्टवेअर बदललेली असतात, पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह लागू लागलेलं असतं आणि पूर्वी ज्याला मीटिंग म्हणत त्याला आता कॉल म्हणत असतात. पण गंज किती दिवसांत उतरतो, हे मोजायचं असेल तर जिथे गंज लपवता येत नाही अशा क्षेत्रात बघावं. टेनिसमध्ये चेंडू कुणाच्या घरची परिस्थिती विचारात घेत नाही. बेल्जियमची किम क्लायस्टर्स निवृत्ती मागे घेऊन, दीड वर्षाची मुलगी घेऊन 2009 मध्ये अमेरिकन ओपनला आली आणि ती स्पर्धा जिंकून गेली. आपली सानिया मिर्झा मूल झाल्यावर, एकूण दोन वर्षांहून जास्त खंडानंतर, जानेवारी 2020 मध्ये होबार्टला परतली आणि त्याच पहिल्या स्पर्धेत युक्रेनच्या नादिया किचेनोकबरोबर दुहेरीचं विजेतेपद घेतलं. सगळ्या जणी सानिया नसतात, हे उत्तर तयार असेलच. खरं आहे, पण सगळ्या कंपन्याही ग्रँड स्लॅम नसतात. बहुतेक नोकऱ्यांत जे काम करायचं असतं ते महिन्याभराच्या सरावानं पुन्हा जमतं आणि न जमल्याचं वर्षभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

टेनिसची खरी गंमत पुढे आहे. बाळंतपणानंतर परतणाऱ्या खेळाडूंची मानांकनातली घसरण हा अन्याय आहे, हे महिला टेनिस संघटनेच्या लक्षात आलं आणि 2019 च्या हंगामापासून नियम सुधारले गेले. मूल झाल्यावर तीन वर्षांपर्यंत खेळाडूला तिचं जुनं मानांकन वापरून ठरावीक स्पर्धांत थेट उतरता येतं. हा धारणाधिकारच झाला, फक्त त्याची फाईल मंत्रालयात अडकली नाही. जिथे हार-जीत उघड्यावर, कॅमेऱ्यासमोर होते तिथे ही सोय चालते. आणि जिथे कोण हरलं, कोण जिंकलं हे वार्षिक मूल्यमापनाच्या बंद पाकिटात असतं तिथे मात्र ‘गुणवत्तेशी तडजोड नको’ म्हणतात.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं नाही. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं खंड पडलेल्या महिला शास्त्रज्ञांसाठी ह्या शतकाच्या सुरुवातीलाच स्वतंत्र योजना आणली. टाटा समूहानं 2008 मध्ये परतणाऱ्या स्त्रियांसाठी ‘सेकंड करिअर’ नावाचा उपक्रम सुरू केला आणि मग इतरांनीही तशी दारं किलकिली केली. हेतू चांगलाच आहे. खटकतं ते एवढंच, की असल्या बऱ्याच उपक्रमांच्या नावात इंटर्नशिप येते. बारा वर्षांचा अनुभव असलेल्या बाईच्या गळ्यात प्रशिक्षणार्थीचं ओळखपत्र येतं आणि तिच्या शेजारी बसलेला, खराखुरा प्रशिक्षणार्थी असलेला मुलगा तिला ‘आँटी, प्रिंटर तिकडे आहे’ असं सांगतो. प्रतिनियुक्तीवरून परतलेल्या अधिकाऱ्याला गळ्यात अशी पाटी घालून आठवडाभर बसवून बघा. आठव्या दिवशी संघटनेचा मोर्चा असतो. त्यालाही नवीन सगळं शिकावं लागतंच, पण त्याला ‘साहेब आढावा घेत आहेत’ असं म्हणतात. आढावा घेणं आणि प्रशिक्षण घेणं ह्यांत फरक खुर्चीच्या उंचीचा असतो.

तिसरा आक्षेप कार्यालयांचा: माणसं अशी वर्षानुवर्षं बाहेर राहिली तर काम कसं चालायचं? हा प्रश्न आपल्या देशात विचारला जावा, ह्याचं कौतुक वाटतं. निवडणुका आल्या की शिक्षक, कारकून, अभियंते मतदान केंद्रांवर जातात. जनगणना आली की दारोदार जातात. शाळा चालते, कार्यालय चालतं, निदान चालल्यासारखं दिसतं आणि परत आल्यावर कुणाला ‘तुमचा गणिताशी संपर्क तुटला’ असं म्हणत नाहीत. सरकारनं तर ह्याच्या पुढचं पाऊलही टाकलेलं आहे. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना 2008 पासून बालसंगोपन रजा मिळते. संपूर्ण सेवेत जास्तीत जास्त 730 दिवस आणि मूल 18 वर्षांचं होईपर्यंत कधीही. पुढे एकट्यानं मूल वाढवणाऱ्या पुरुषांनाही ती लागू झाली. महाराष्ट्र सरकारनं 2018 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची अशी रजा दिली. मूल 18 वर्षांचं होईपर्यंत ही मुदत ठेवणाऱ्या बाबूला दाद दिली पाहिजे. दहावी-बारावीची परीक्षा आपल्याकडे मूल देतं हा गैरसमज आहे, हे सरकारदरबारी मान्य झाल्याचा तो लेखी पुरावा आहे. एवढं करूनही केंद्र सरकार बंद पडलेलं नाही.

चौथा आक्षेप पैशांचा आणि तो हसून घालवता येण्यासारखा नाही. 2017 च्या दुरुस्तीनं पगारी प्रसूती रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली, पहिल्या दोन मुलांपुरती. राज्य कामगार विम्याखालचे, म्हणजे महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेले कर्मचारी सोडले, तर हा पगार मालकाच्या खिशातून जातो. दहा माणसांच्या कारखान्याचा मालक ह्यामुळे बाईला घेतानाच कचरत असेल तर त्याला नुसता दुष्ट म्हणून भागणार नाही. कायदा चांगल्या हेतूनं केला, की त्याला फाटा कुठून मारायचा हे हिशेबनीस आधी बघतो. कारखाना अधिनियमानं 1948 पासून पाळणाघराची सक्ती केली ती बायकांची संख्या मोजून. पुढे बरीच वर्षं तो आकडा 30 च्या वर होता. बायकांच्या डोक्यांवर पाळणाघर ठरत असेल तर तिसाव्या बाईपाशी भरती थांबवणं हा स्वस्तातला उपाय ठरतो. 2017 ची दुरुस्ती ह्या बाबतीत शहाणी निघाली. तिनं 50 किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर सांगितलं आणि कर्मचारी मोजताना बाई की पुरुष हे विचारलं नाही. शिवाय आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. चार वेळा म्हणजे फार झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्या कचेरीतल्या सिगारेटच्या फेऱ्या एकदा मोजाव्यात.

पैशांच्या आक्षेपाला खरं उत्तर त्या मोजणीतच आहे. मूल वाढवण्याचा खर्च फक्त बाईच्या नावावर पडतो तोवर मालक बाईला टाळणार. तो बापाच्याही नावावर पडू लागला, की टाळायला उरेल कोण? क्लॉडिया गोल्डिन ह्यांना 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या अभ्यासासाठी मिळालं त्यात हाच धागा आहे: मूल झाल्यावर नवरा-बायकोच्या कमाईत दरी पडते, कारण चांगला पगार देणारी नोकरी कधीही हाक मारली तरी हजर राहणाऱ्याला मिळते आणि घरातला एक जण असा हजर राहावा म्हणून दुसरा मागे थांबतो. थांबणारा कोण, ह्यावर घरोघरी चर्चा होत नाही. आपल्याकडे केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला बाप झाल्यावर 15 दिवसांची रजा मिळते आणि खाजगी क्षेत्रातल्या बापाला कायद्यानं काहीच मिळत नाही, कंपनी मनानं देईल ते खरं. 15 दिवस हा आकडा कुणी काढला माहीत नाही, पण त्यामागे शास्त्र असावं. बाराव्या दिवशी बारसं होतं. उरलेले तीन दिवस मंडपाच्या खुर्च्या परत करण्यात जातात. मग बाप कामावर येतो, पेढे वाटतो, सगळे पाठ थोपटतात आणि मूल वाढवण्यातला त्याचा सहभाग इथून पुढे ‘मदत’ ह्या सदरात जमा होतो.

समजा, बाईला नोकरी मिळाली. आता प्रतिनियुक्तीच्या शेवटी जे घडतं तेच तिच्याबाबतीत घडत नाही. अधिकारी परतताना तिकडचा कार्यभार दुसऱ्याला सोपवून येतो. याद्या होतात, किल्ल्या दिल्या जातात, सह्या होतात. आई कामावर परतते तेव्हा घराचा कार्यभार घ्यायला कुणी आलेलंच नसतं. मुलाला बघायला आजी असते, कारण महाराष्ट्राचं बालसंगोपनाचं धोरण म्हणजे आजी. निवृत्तीनंतर भजनी मंडळ आणि युरोपची सहल असा बेत केलेल्या बाईला आपण न विचारता मुदतवाढ देतो आणि वर ‘तुम्हाला विरंगुळा होईल’ म्हणतो. आजी नसली तर पाळणाघराच्या काकू असतात. त्यांचं दार ठरल्या वेळी बंद होतं आणि लोकलचं सिग्नल बिघडणं त्या वेळेला धरूनच असतं. बाकीचं सगळं आईकडेच राहतं. ह्याला सरकारी भाषेत अतिरिक्त कार्यभार म्हणतात आणि त्यासाठी नियमात वेगळा भत्ता असतो. आईला भत्त्याऐवजी फोन येतात. हिंग कुठे आहे, लसीकरणाचं पुस्तक कुठे आहे, आज डब्यात काय द्यायचं होतं. महत्त्वाच्या मीटिंगमध्ये असे फोन घेणाऱ्या बाईचं ‘लक्ष घरी असतं’ असं म्हणतात. घरातल्या कुणाचंच लक्ष घरी नसतं म्हणून तो फोन आलेला असतो, हे कुणी म्हणत नाही.

नोकरदार आईचा विषय निघाला, की महाराष्ट्रात हिरकणी आठवतेच. दंतकथा सर्वांना ठाऊक आहे: रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, कोजागरीची रात्र, बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हं बाळ आणि कडा उतरून गेलेली आई. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधला. गडाच्या रक्षणासाठी ते बरोबरच होतं. शत्रूला तीच वाट सापडली असती. पण आजच्या कार्यालयांना शत्रूचा धोका नसतानाही ती कथेचा शेवटच तेवढा गिरवतात: 8 मार्चला सत्कार करायचा आणि 9 मार्चला वाट बंद करायची. एसटीनं तिचं नाव आपल्या एका गाडीला दिलं, ती गाडी निमआराम आहे. आईच्या वाट्याला पूर्ण आराम येत नाही, ह्याची एवढी नेमकी नोंद दुसऱ्या कुठल्या खात्यानं घेतलेली नाही. स्थानकांवर स्तनपानासाठी हिरकणी कक्षही झाले. 2022 च्या डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन आल्या. कौतुक झालं, छायाचित्रं झाली, कक्षही झाला. पुढच्या वर्षी मुंबईच्या अधिवेशनात त्याच आमदारांना विधानभवनातल्या हिरकणी कक्षाच्या दुरवस्थेबद्दल जाहीर तक्रार करावी लागली. जिच्या हातात कायदा करण्याचं मत आहे तिची ही गत, तर जिच्या हातात फक्त मस्टरची सही आहे तिनं कुणाकडे बघायचं?

शेवटचा आक्षेप सगळ्यांत जुना आहे: मूल तुमचं, हौस तुमची, मग जागा आम्ही का राखायची? प्रतिनियुक्तीही बहुतेकदा हौसेचीच असते. ती मिळावी म्हणून लोक आमदारांची पत्रं घेऊन फिरतात. तरी सरकार जागा राखतं, कारण पाठवलेल्या माणसाचा उपयोग कुठेतरी होतच असतो. मुलाचा उपयोग तर थेट आक्षेप घेणाऱ्यालाच व्हायचा आहे. आज ‘माझा काय संबंध?’ म्हणणारे साहेब निवृत्त होतील तेव्हा त्यांचा दवाखाना, त्यांची बँक आणि त्यांच्या सोसायटीची लिफ्ट आजची ही पोरंच चालवणार आहेत. तेव्हा मागण्या मोजक्याच आहेत. जाताना परतीचा लेखी आदेश द्या. मधली वर्षं ज्येष्ठतेत धरा. सगळी जमत नसतील तर निम्मी धरा. परतल्यावर महिनाभर शिकू द्या आणि त्याला आढावा म्हणा. पाळणाघर काढा आणि त्यात वर्षातून एकदा तरी झाडू मारा. मुलाखतीत सासूबाईंची चौकशी करू नका. त्यांची तब्येत बरी आहे. बापांनाही कायद्यानं रजा द्या, महिन्यांनी मोजता येईल अशी. आणि ज्यांना आजच 15 दिवस मिळतात त्यांनी ते पूर्ण घ्यावेत आणि घरात घालवावेत. खुर्च्या मंडपवाला स्वतः येऊन घेऊन जातो.